एकोणीस चौकटींचं इंजिन

"मास्तर, कॉलेज सुटलं की सरळ शेडवर ये. एक कागद भरायचा आहे," असं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, पेन्शनचा किंवा बँकेचा काहीतरी फॉर्म असेल. गेली दोनेक वर्षं त्यांचे असले कागद मीच भरत होतो.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मालगुंडच्या अलीकडे आमचं गाव. खाली खाडीच्या तोंडाशी आमची मच्छीमारांची वाडी आणि वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला काकांचं घर नि आंब्याची बाग. ते जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. माझे बाबा होडीवर तांडेल, म्हणजे होडी आणि खलाशी दोन्हींची जबाबदारी त्यांची. काका एकदा सुट्टीवर आलेले असताना त्यांनी बाबांच्या होडीचं इंजिन खोलून दुरुस्त करून दिलं, तिथून ओळख. पुढे दहावीनंतर मी गणितात अडखळायला लागलो, तेव्हा ते नुकतेच निवृत्त होऊन आले होते. दोन वर्षं त्यांनी मला आपल्या ओटीवर बसवून शिकवलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आला त्यात पसंतीक्रम लिहायचा होता: कुठली शाखा आधी, कुठली नंतर. आमच्या घरात तोवर कोणी बारावीसुद्धा झालेलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी काकांकडे. "साहेब, तुमीच काय ता ठरवा," बाबा म्हणाले. काकांनी पेन उघडलं आणि एक क्षणही न थांबता यंत्र अभियांत्रिकी पहिल्या रकान्यात लिहिलं. आज मी रत्नागिरीत एका तंत्रनिकेतनात तोच विषय शिकवतो. माझा पगार, माझं घर, मला 'सर' म्हणणारी मुलं, सगळं त्या रकान्यातून आलेलं आहे. हे मी कधी विसरलेलो नाही, आणि पुढे जे झालं त्याला कारणही बहुतेक हेच.

शेड म्हणजे त्यांची आंबा पॅकिंगची शेड. तिच्या अर्ध्या भागात गेली सहा वर्षं एक विमान तयार होत होतं. दोन माणसांचं, आराखडे विकत आणून स्वतःच्या हातानं बांधलेलं. बोटीवर जाण्याआधी तरुणपणी काका एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकले होते. मग पस्तीस वर्षं समुद्र. निवृत्त झाल्यावर त्यांनी घाटावरच्या एका क्लबात जाऊन पुन्हा परवाना मिळवला आणि हे काम काढलं. सांगाडा झाला होता, पंख झाले होते, परवानग्यांच्या दोन जाड फायली झाल्या होत्या. नाकाच्या जागी मात्र नुसती पोकळी होती. तिथे इंजिन यायचं होतं.

मी पोचलो तेव्हा काका पेटीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर चार पानी छापील कागद होता. परदेशात एक लहानसा कारखाना विमानांसाठी रोटरी इंजिन बांधून देतो, त्याचा ऑर्डर फॉर्म. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात. रोटरीत पिस्टनच नसतो. मधे किंचित चिमटलेल्या भाकरीच्या आकाराची एक पोकळी, आणि तिच्यात तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी ठोकळा फिरत राहतो. एवढंच. लहान, हलकं, थरथर कमी. काकांचं कारण वेगळंच होतं. "पिस्टनचं इंजिन मरतं तेव्हा एकदम मरतं. हे कुरकुरत मरतं. खाली उतरायला वेळ देतं."

साधं इंजिन पहिल्याच पानावर संपलं होतं. पुढची तीन पानं जादा गोष्टींची. एकोणीस ओळी, प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट. हवं असेल तर खूण करायची. दुसरी स्वतंत्र ठिणगी व्यवस्था. दुसरा इंधनपंप. मोठा ऑइल कूलर. त्या तीन कोपऱ्यांच्या टोकांवर हवा अडवणाऱ्या पट्ट्या असतात, त्या साध्या लोखंडाऐवजी सिरॅमिकच्या. असं बरंच. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन आकडे: वजन किती वाढेल आणि आठवडे किती वाढतील.

"वाच आणि भर," काका म्हणाले.

"तुम्ही सांगा, मी खुणा करतो."

"नाही. तू ठरवायचंस."

मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून समोरच्या पंखाकडे बघितलं, हात काढला, पुन्हा ठेवला.

"मधला भाग पुसट दिसतो. कडेचं सगळं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच डाग. पडदा झिजतोय म्हणतात. परवान्याची तपासणी दर वर्षी असते. या खेपेला शेवटून दुसरी ओळ कशीबशी वाचली. डॉक्टर म्हणाला, पुढच्या दिवाळीनंतर काय ते सांगता येत नाही." ते अगदी हिशेबी आवाजात बोलत होते, जसे गणित समजावताना बोलायचे. "म्हणजे मला एक पावसाळा नि थोडं पुढे एवढाच वेळ आहे. मी हा कागद भरला तर एकही खूण करणार नाही. मला घाई आहे. घाई झालेल्या माणसानं इंजिन निवडू नये."

"काकीला माहीत आहे?"

"तिला सगळं माहीत असतं. पैशाचं तू बघू नकोस, ते माझं बघून झालंय. एक फक्त बघ, शेवटच्या पानावर रंगाचं काहीतरी आहे म्हणे. निळा मिळत असला तर बघ."

कागद घेऊन मी घरी आलो. आपण ज्या विषयाचे शिक्षक आहोत त्यातलं आपल्याला किती येतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. माझ्या पाठ्यपुस्तकात रोटरी इंजिनावर अर्धं पान आहे. त्या अर्ध्या पानाच्या समासात मी विद्यार्थी असताना पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं: 'परीक्षेला येत नाही.' वर्गातही मी ते पान तसंच ओलांडतो. मग इंटरनेटवर शोधत बसलो. एकजण म्हणे, सिरॅमिकच्या पट्ट्यांशिवाय उडणं हा वेडेपणा. दुसरा म्हणे, साध्या पट्ट्यांवर शेकडो तास उडतोय, सिरॅमिक म्हणजे श्रीमंतांचं खूळ. दोघेही माझ्यापेक्षा जास्त जाणणारे. शेवटी मी कारखान्यालाच पत्र लिहिलं. सहा प्रश्न, शक्य तितक्या चांगल्या इंग्रजीत. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, फार सभ्य होतं. त्यात लिहिलं होतं की साधं इंजिन सुरक्षितच आहे, जादा गोष्टींनी ते अधिक निर्धास्त होतं, आणि हा निर्णय पूर्णपणे ग्राहकाचा आहे. मी ते तीनदा वाचलं. ग्राहक कोण होता? मी होतो का?

रविवारी पुन्हा शेडवर गेलो तर बाबाही तिथे आले होते. केळीच्या पानात बांधून बांगडे आणले होते, ते काकीच्या हवाली करून विमानाभोवती फेऱ्या मारत होते. काकांनी त्यांना पुढच्या पोकळीजवळ नेलं.

"इथे बसणार इंजिन, तांडेल."

"एकच?"

"एकच."

"आणि वर गेल्यावर ता बंद पडला तर?"

"मग घसरत यायचं खाली. पंख आहेत ना."

बाबांनी पंखाला हात लावून बघितला, जसा ते होडीच्या फळीला लावतात. "आमचा इंजान बंद पडला तर आमी नांगर टाकतो नि चाय करतो. तुमी नांगर खंय टाकशाल?"

"तुमच्या डोक्यावर," काका म्हणाले, आणि दोघे मोठ्यांदा हसले. काकी चहा घेऊन आली होती, ती हसली नाही. "हसा. दोघं म्हातारे हसा," ती म्हणाली. "ज्यानं ठरवायचं तो बघा कसा बसलाय, परीक्षेला बसल्यासारखा."

निघताना बाबा माझ्याबरोबर पाखाडीच्या पायऱ्या उतरत होते. निम्म्यावर थांबले. थट्टा संपली होती. "बाबू, साहेबांनी तुला माणूस केलान. त्यांना काय झाला तर तोंड दाखवायची सोय नाय ऱ्हवायची आपल्याला. जा काय चांगला आसेल ता सगळा घे."

"सगळं घेतलं तर वेळ लागतो, बाबा. त्यांच्याकडे वेळ नाही."

बाबांनी खाडीकडे बघितलं. ओहोटी होती. "मग मना नाय म्हायत," ते म्हणाले.

फॉर्म मी सोमवारी स्टाफरूममध्ये भरला, दोन तासिकांच्या मधे. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही पाच सोडवा' असं असलं, तरी मी सातही सोडवायचो. बाई सांगायच्या, पाचच बघणार आहोत रे. पण कुठले पाच बरोबर हे आपल्याला कळत नसताना दोन सोडून द्यायचे कसे? ज्यांच्या घरात विचारायला कोणी असतं ती मुलं पाच सोडवून वेळेत उठायची. मी घंटा होईपर्यंत लिहीत राहायचो, आणि एकदा तर सातवा सोडवण्याच्या नादात दुसऱ्याचं उत्तर अर्धवट राहिलं. रिकामी जागा बघितली की माझा हात थांबत नाही. रिकामी जागा म्हणजे न येणं, असं माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे.

तरी मी प्रामाणिकपणे आठवड्यांची बेरीज केली. साधं इंजिन पावसाच्या सुरुवातीला आलं असतं. सिरॅमिक पट्ट्या दुसरीकडे बनून यायच्या होत्या, आणि त्या आल्याशिवाय कारखाना जुळणी सुरू करणार नव्हता. त्या घेतल्या तर इंजिन गणपतीपर्यंत; रंग सोडून बाकीचं सगळं तेवढ्या अवधीत होऊन जाणार होतं. मग बसवणं, जमिनीवरच्या चाचण्या, विमान ट्रकनं घाटावर नेणं. दिवाळीच्या जरा आधी उड्डाण. कागदावर बसत होतं. पंधरा दिवस हाताशी राहत होते. मी पट्ट्यांपुढे खूण केली. दुसरी ठिणगी, दुसरा पंप, मोठा कूलर, कडक केलेले गिअर, सगळ्यांपुढे खुणा केल्या. शेवटच्या पानावर रंग होता. निळा मिळत होता; त्यानं इंजिनाला काहीही फायदा नव्हता आणि एक आठवडा वाढत होता. तेवढी चौकट मी रिकामी ठेवली, आणि वेळेचा विचार करणारा एक समंजस माणूस असल्याचं समाधान मानलं.

एकोणीसपैकी अठरा. काकांनी कागद डोळ्यांच्या कडेनं, मान तिरकी करून बघितला. आठवड्यांची बेरीज विचारली. मी सांगितली. "बसतंय," ते म्हणाले आणि सही केली.

पुढचे महिने नुसते वाट बघण्यात गेले. आंब्याचा हंगाम आला, विमान ताडपत्रीखाली एका कोपऱ्यात सरकवलं, पेट्या भरल्या, रिकाम्या झाल्या. जुलैत कारखान्याचं पत्र आलं: पट्ट्यांचा एक संच तपासणीत नापास झाला, नवीन बनत आहे, तीन आठवडे. मी उत्तरात विचारलं, साध्या पट्ट्या बसवून पाठवता येईल का? ते म्हणाले, येईल, पण रोटर, म्हणजे तो तीन कोपऱ्यांचा ठोकळा, सिरॅमिकच्या मापानं कापून झालाय, नवा कापावा लागेल. त्यालाही तेवढेच आठवडे. गणपती आले नि गेले. आरतीनंतर काकांनी मला प्रसाद देताना विचारलं, "काही आलं का?" मी नकारार्थी मान हलवली. मग पुन्हा पत्र: दोन आठवडे. मग पुन्हा दोन. दर सोमवारी मी एक पत्र पाठवायचो आणि दर मंगळवारी तेवढंच सभ्य उत्तर यायचं. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तपासणीला त्यांना मीच घाटावर घेऊन गेलो. काकी येते म्हणाली होती, काकांनी नको म्हटलं. गाडीत ते सबंध आंबा घाटभर इंजिन कुठल्या बोल्टांवर टांगायचं हे सांगत होते. दवाखान्यात रक्तदाब झाला, हृदयाचा आलेख झाला, कान झाले. सगळं उत्तम. मग डोळे. मी बाहेरच्या बाकावर होतो आणि दार नीट लागत नव्हतं. फटीतून समोरच्या भिंतीवरचा तक्ता मला दिसत होता. अक्षरं वरून खाली बारीक होत गेलेली. मला सगळ्या ओळी वाचता येत होत्या, अगदी शेवटचीसुद्धा.

काकांनी चौथी वाचली. पाचवीत दोन अक्षरं वाचली, तिसरं चुकलं, ते दुरुस्त केलं, तेही चुकीचंच. मग मान हळूच तिरकी झाली. "मान सरळ, सर," आतला माणूस म्हणाला. मान सरळ झाली. पाचव्या ओळीतलं तिसरं अक्षर मला स्पष्ट दिसत होतं. ज्या माणसानं मला अक्षर न् अक्षर दाखवलं होतं त्याला ते एक अक्षर मी देऊ शकत नव्हतो. दिलं असतं तरी उपयोग नव्हता. वर आकाशात मी थोडाच असणार होतो. बाकाची कड धरून मी बसून राहिलो.

परतीच्या वाटेवर साखरप्याला आम्ही चहा प्यायला थांबलो. काका म्हणाले, "पाचव्या ओळीतलं ते तिसरं अक्षर एफ होतं का रे?"

"पी होतं."

"हं. मला वाटलंच." मग बशीत चहा ओतून म्हणाले, "बिस्किट घे."

इंजिन डिसेंबरच्या शेवटी आलं. लाकडी पेटीत, करड्या रंगाचं, आत एक हातानं लिहिलेली शुभेच्छेची चिठ्ठी. काकांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. मला वाटत होतं आता ते पेटी तशीच बंद करतील, किंवा क्लबातल्या कोणाला तरी देऊन टाकतील. मागणारे दोघेजण होतेही. पण त्यांनी ते विमानाच्या नाकावर बसवायलाच घेतलं. बोल्ट बोटांनी चाचपून लावायचे. कुठे आटे चढले नाहीत तर मला हाक मारायचे. दोन महिन्यांनी, शेडच्या बाहेर कातळावर विमानाची चाकं साखळीनं बांधून, आम्ही ते पहिल्यांदा सुरू केलं. दुसऱ्याच प्रयत्नाला लागलं. वाडीतली माणसं पाखाडीवर येऊन उभी राहिली. आवाज होडीच्या इंजिनासारखा ठोके देणारा नव्हता, एकसलग होता, कापड फाडत जावं तसा. बाबा कानांवर हात ठेवून माझ्या कानाशी ओरडले, "बंद नाय पडत रे!" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्यांना खरोखरच एवढंच हवं होतं.

आमची हवा खारी आहे. असं इंजिन न चालवता ठेवलं तर आतून गंजतं, म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही ते दहा मिनिटं चालवतो. काका आत चालकाच्या जागेवर बसतात, मी शेजारच्या. समोरचे काटे त्यांना दिसत नाहीत, ते मी वाचतो.

"तेलाचा दाब?"

"ठीक. हिरव्यात."

"तापमान?"

"अजून वर येत नाही."

येणारही नसतं. मी निवडलेला कूलर पूर्ण ताकदीनं वर चढणाऱ्या विमानासाठी आहे; कातळावर उभ्या उभ्या, मंद गतीवर, तो तेलाला तापूच देत नाही. म्हणून आम्ही आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचं अर्धं तोंड झाकतो. तेव्हा कुठे काटा हलतो.

मागच्या महिन्यात इंजिन बंद केल्यावर काका उतरले नाहीत. पंखा थांबेपर्यंत, आणि नंतरही, बसून राहिले. एक हात समोरच्या दांडीवर होता.

मी अनेक महिने जे बोलायचं ठरवत होतो ते तेव्हा बोललो. "काका, मी त्या पट्ट्या घ्यायला नको होत्या."

"कुठल्या पट्ट्या?"

"सिरॅमिकच्या. साध्या घेतल्या असत्या तर तुम्ही उडाला असता."

"चुकीचं निवडलं असतंस तर आज सुरू होताना कुरकुरलं असतं. कुरकुरलं का?"

"नाही."

"मग बरोबर निवडलंस. दहापैकी दहा." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, ओटीवर गणित सुटल्यावर थोपटायचे तसंच, आणि उतरायला दार चाचपू लागले. मी पलीकडून जाऊन ते उघडलं.

त्या पट्ट्या कितीही तास झिजणार नाहीत असं कारखान्यानं लिहून दिलेलं आहे. आमचे आत्तापर्यंत साडेनऊ तास झाले, सगळे जमिनीवर. काका शेडच्या सावलीत जाऊन बसले, काकीनं त्यांना पाणी दिलं. मी पुठ्ठा काढला, झटकला, आणि पुढच्या रविवारसाठी सीटच्या मागे ठेवला.